बोजा चाकाला द्यावा

मंडळी, आमच्या गल्लीतल्या एका मुलाला परवा नोकरी लागली. घरापासून सात किलोमीटरवर त्याची कचेरी. पहिला पगार हातात यायच्या आधीच त्यानं वडिलांकडून उसने पैसे घेतले आणि सायकल आणली. गिअरची, डिस्क ब्रेकची, काळी चकचकीत. ती दाखवायला तो माझ्याकडे आला, कारण गेली तीस वर्षं मी सोलापुरात सायकलवरूनच कामाला जातो, हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. मी सायकलभोवती एक फेरी मारली, घंटी वाजवून पाहिली आणि विचारलं, "डबा कुठं ठेवणार?"

पोरगं गोंधळलं. सायकलला कॅरिअर नव्हतं, पुढं जाळीची टोपली नव्हती, मडगार्डसुद्धा नव्हतं. "पाठीवर सॅक आहे ना, काका," तो म्हणाला. मग जरा थांबून त्यानं विचारलं, "की वेगळी बॅग घेऊ? कोणती घेऊ?"

प्रश्न साधा होता. पण त्याचं उत्तर शोधायला मला स्वतःला पंधरा वर्षं लागली होती आणि त्या पंधरा वर्षांत खांद्याजवळचं एक हाडही खर्ची पडलं होतं. म्हणून म्हटलं, आज या विषयावरच बोलावं. सायकल घेताना माणूस रंग पाहतो, गिअर मोजतो, किमतीत घासाघीस करतो. पिशवीचा विचार तो करत नाही. आणि नव्या सायकली महिन्याभरात जिन्याखाली धूळ खात पडतात, त्यामागं अनेकदा हीच गोष्ट असते. डबा सांडला, पाठ घामानं भिजली, भाजी आणता आली नाही, की माणूस निमूट स्कूटरची किल्ली उचलतो.

माझी सुरुवात मात्र चांगली झाली होती. माझे अब्बा सायकलवरून कापडाची फेरी करायचे. १९८० च्या आसपासची ही गोष्ट. सोलापुरी चादरी, टॉवेल, लुगडी घेऊन ते पहाटे निघत आणि मंद्रूप, वळसंग, बोरामणी अशा गावांमधून दारोदार विकून दिवेलागणीला परत येत. बावीस इंची काळी सायकल. तिच्या कॅरिअरवर आडवी टाकलेली आणि चाकाच्या दोन्ही अंगांना लोंबणारी एक दुहेरी पिशवी. जुनी चादर दुमडून अम्मानं ती हातानं शिवली होती. आमच्या घरात तिला खुर्जी म्हणत.

खुर्जी हा शब्द फारसीतून आला. घोड्याच्या पाठीवर टाकायची, दोन्हीकडं कप्पे असलेली ती थैली. आपल्या मराठीत वाटसरूच्या खांद्यावर असायची ती पडशी, आणि बैलाच्या किंवा गाढवाच्या पाठीवर लादायची ती गोण. घाट शब्दागणिक थोडा बदलतो, पण कल्पना एकच आहे : वजन दोन वाट्यांत विभागायचं आणि मध्ये पाठ ठेवायची. आजकाल सायकलच्या दुकानात अशाच जोडपिशव्यांना पॅनिअर म्हणतात. या शब्दाचं मूळ शोधायला गेलो तेव्हा मला फार गंमत वाटली. लॅटिनमध्ये भाकरीला जो शब्द आहे, त्यावरून भाकरीच्या टोपलीचा शब्द झाला आणि त्यावरून हा पॅनिअर. त्याच लॅटिन शब्दापासून पोर्तुगीजांचा पाव निघाला आणि तो आपल्या बेकरीत येऊन बसला. म्हणजे पाव आणि पॅनिअर हे एकमेकांचे चुलतभाऊ. सायकलवरची पिशवी मुळात पोटासाठीच असते, हे भाषेला आधीपासून माहीत होतं म्हणायचं.

अब्बांचे पिशवीबाबत चार नियम होते. आमच्या घरात दखनी बोलतात, म्हणून ते दखनीतच सांगतो. पहिला, "बोझा चाक कू देना, पीठ कू नक्को." दुसरा, "दोनो बाजू बराबर." तिसरा, "भारी नीचे, हलका उपर." आणि चौथा, "बांधके हिलाके देखना." निघण्याआधी ते सायकल स्टँडवरून उतरवत, हँडल धरून दोनदा जोरात हलवत आणि कान देऊन ऐकत. काही खडखडलं, काही सरकलं, तर पुन्हा सोडून बांधत. बांधायला जुन्या ट्यूबची लांब पट्टी. दोरी ढिली होते, ट्यूब ताणून राहते, हे त्यांचं शास्त्र.

मी बी. ए. झालो, १९९४ साली नोकरीला लागलो आणि हे चारही नियम विसरलो. शिकलेल्या माणसाला अब्बांची खुर्जी कशी शोभणार? त्यात मी कविता लिहायला लागलेलो. कवीचा गणवेश ठरलेला होता : खादीचा झब्बा आणि खांद्याला शबनम. ती शबनम अडकवून मी सायकलवर बसायचो. शबनम पिशवी चालताना फार डौलदार दिसते. सायकलवर मात्र ती पाठीवरून घसरत पोटावर येते, पोटावरून मांडीवर येते आणि पायडल मारताना गुडघ्यानं तिला दर फेरीला एक लाथ बसते. तिच्यात माझा डबा असायचा. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. ज्यांनी सोलापूरची शेंगाचटणी खाल्ली आहे, त्यांना तिचं तेल किती चुकार असतं ते सांगायला नको. एकदा ते माझ्या कवितांच्या वहीत उतरलं. पानं पारदर्शक झाली, शाई पसरली, एका कवितेच्या मधल्या दोन ओळी पार गेल्या. त्याच रात्री एका गावात कविसंमेलन होतं. मी त्या दोन ओळी गाळून कविता म्हटली. कुणीही काही विचारलं नाही. उलट टाळ्या नेहमीपेक्षा जरा जास्तच पडल्या.

शबनम सुटली आणि पाठीवरची सॅक आली. सॅकबद्दल मी सरसकट वाईट बोलणार नाही. दोन-तीन किलोमीटर जायचं असेल, आत दोन-तीन किलोच असतील, तर ती बरी. लॅपटॉपसारखी नाजूक वस्तू असेल तर खड्ड्यातले हिसके आपलं शरीर झेलतं आणि वस्तू वाचते. पण आमच्या गावचा एप्रिल-मे आठवा. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर आणि पाठीला चिकटलेली सॅक. कचेरीत पोचलो की सदऱ्यावर सॅकचा ओला नकाशा उमटलेला असायचा. शिवाय सायकलवर आपण पुढं वाकून बसतो. पट्टे खांद्यांत रुततात, मान अवघडते. आणि वजन इतकं उंचावर असलं की तोल सावरताना शरीराला सारखं काम पडतं. पन्नाशीकडं झुकणाऱ्या कंबरेला हे सगळं लगेच कळतं.

मग मी सर्वांत सोपा उपाय काढला, जो आपल्याकडं शंभरातले नव्वद सायकलवाले काढतात. पिशवी हँडलला अडकवली.

मंडळी, हातात घड्याळ बांधावं इतक्या सहजपणे आपण हँडलला पिशवी अडकवतो. २००९ च्या सप्टेंबरात, परतीच्या पावसात, मी कामावरून घरी येत होतो. उजव्या बाजूला कापडी पिशवी, तिच्यात दोन किलो कांदे आणि थोडी भाजी. पिशवी भिजून जड झाली होती, ताणून लांबली होती. पायडल मारताना हँडल किंचित डावीकडं-उजवीकडं हलतं, त्या तालावर पिशवी झोके घेत होती. सात रस्त्याच्या अलीकडं एक खड्डा चुकवायला मी हँडल वळवलं आणि पिशवीचं टोक पुढच्या चाकाच्या तारांत गेलं. चाकानं ती ओढून चिमट्यापर्यंत नेली आणि चाक जागच्या जागी थांबलं. मी थांबलो नाही. मी हँडलवरून पुढं गेलो.

रस्त्यावर कांदे घरंगळत होते एवढं आठवतं. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यानं ब्रेक मारला नसता, तर आज हे भाषण दुसऱ्या कुणीतरी केलं असतं, बहुधा माझ्याविषयी. खाली उतरून त्यानंच मला उचललं, कांदे गोळा करून दिले आणि सायकल टेम्पोत टाकून दवाखान्यात नेलं. खांद्याजवळचं कॉलरचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे हात गळ्यात.

घरी पत्नीनं दोनच वाक्यं उच्चारली. "अजी, अब सायकल नक्को. बेच डालो." ती रागानं बोलली असती तर मी वाद घातला असता. ती अगदी शांतपणे बोलली. मी सायकल विकायला तयार नव्हतो. त्यात हट्ट होता, पैशाची सोय होती, आणि खरं सांगायचं तर माझ्या बहुतेक कवितांच्या पहिल्या ओळी मला सायकलवर सुचल्या होत्या. शेवटी तडजोड झाली. हँडलला पुन्हा काहीही अडकवायचं नाही आणि सामानाची नीट सोय केल्याशिवाय सायकल घराबाहेर काढायची नाही. अशा रीतीनं पिशवीची निवड हा माझ्या घरातला गंभीर प्रश्न झाला.

हात गळ्यात असल्यानं विचार करायला वेळ होता. सगळ्यात आधी एक काम केलं. आठवडाभरात मी रोज काय काय नेतो-आणतो, त्याची यादी केली. डबा, पाण्याची बाटली, वही, चष्मा, रेनकोट, पंक्चरचं सामान, लहान पंप, येताना भाजी, कधी औषधं, कधी दळण. भाजीवाल्याच्या काट्यावर वजन केलं. जाताना साडेतीन किलो, येताना सहा-सात. ही यादी करणं मला फार महत्त्वाचं वाटतं. आधी सामान ठरवावं, मग पिशवी. आपण उलट करतो. दुकानात लटकलेली बॅग आवडते, घरी आणतो, मग तिच्यात डबा उभा राहत नाही म्हणून डबा बदलतो.

मग रस्त्यावरच्या लोकांकडं पाहायला लागलो. आपल्याकडं सामान वाहण्याचं विद्यापीठ रस्त्यावरच भरतं. पोस्टमन आपली खाकी पिशवी पुढं ठेवतो, कारण त्याला दर दहा पावलांवर तिच्यात हात घालायचा असतो, आणि पत्रं फारशी जड नसतात. पाववाला मागं मोठी पेटी बांधतो. पेटी अवाढव्य दिसते, पण पाव हलका, म्हणून उंची चालते. विणकर सुताचे गठ्ठे कॅरिअरवर आडवे टाकतात. आणि या सर्वांत पक्का गुरू म्हणजे दूधवाला. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लोखंडी आकडे आणि त्यांना अडकवलेल्या कॅना. वजन आसापर्यंत खाली उतरलेलं, दोन्हीकडं सारखं, आणि दूध हेंदकाळू नये म्हणून झाकण घट्ट. बोझा चाक कू, दोनो बाजू बराबर, भारी नीचे. अब्बांची खुर्जी माझ्यासमोरून रोज सकाळी जात होती आणि मी शबनम घेऊन फिरत होतो.

ताडपत्री शिवणाऱ्या एका शिंपीचाचांकडं गेलो. ट्रकवर घालायच्या प्लास्टिकचा थर दिलेल्या कापडाच्या दोन पिशव्या शिवायला सांगितल्या. चाचांना वाटलं, कवी भ्रमला. मला मात्र नंतर कळलं, की या वेडात मी एकटा नव्हतो. १९८१ साली हार्टमुट ऑर्टलीब नावाचा एक जर्मन तरुण इंग्लंडात सायकलनं हिंडत होता. पावसानं त्याचं सारं सामान भिजलं. शेजारून जाणाऱ्या ट्रकांवरची ताडपत्री त्यानं पाहिली आणि तिच्याखालचा माल कोरडा आहे हे त्याच्या ध्यानात आलं. घरी जाऊन त्यानं आईच्या शिवणयंत्रावर तशाच कापडाची सायकलची पिशवी शिवली. १९८२ मध्ये त्यानं त्याचा धंदा सुरू केला आणि आज त्याच्या पिशव्या जगभर जातात. दुसरीकडं इंग्लंडातल्या लँकेशायर परगण्यात नेल्सन नावाचं एक गिरणगाव आहे. तिथं १९३२ पासून कॅराडाइस या नावानं जाड सुती कॅनव्हासच्या सायकलपिशव्या शिवतात. पाणी लागलं की सुताचे धागे फुगतात, विणीतली भोकं बुजतात आणि पाणी बाहेरच राहतं. आम्हा गिरणीच्या गावच्या माणसांना ही गोष्ट ऐकून बरं वाटतं. सुतालाही आपलं रक्षण करता येतं.

तर चाचांनी पिशव्या शिवल्या. पहिल्याच दिवशी तीन चुका कळल्या.

पहिली चूक टाचेची. पायडल मागं आलं की माझी टाच पिशवीला लागायची. दर फेरीला एक ठोसा. चाचांनी पिशवीचा खालचा, पुढचा कोपरा तिरका कापला आणि आम्ही पिशवी चार बोटं मागं सरकवली. तयार पिशवी घेताना हे जरूर पाहा. दुकानात सायकलला लावून, आपली रोजची चप्पल किंवा बूट घालून, पायडल उलटं फिरवून बघा. ज्यांच्या सायकलीचा मागचा भाग आखूड आहे आणि पाय मोठे आहेत, त्यांना लहान पिशवीच घ्यावी लागते.

दुसरी चूक पाठीची. माझ्या पाठीची नव्हे, पिशवीच्या. नुसतं कापड वजनानं फुगलं आणि मागच्या चाकाच्या तारांना घासायला लागलं. म्हणजे ज्या भीतीपोटी हा खटाटोप केला, तीच मागच्या दारानं आत येत होती. पिशवीची चाकाकडची बाजू ताठ हवी. निवडणूक नुकतीच होऊन गेली होती. पन्हाळी प्लास्टिकचा एक प्रचारफलक रस्त्याकडेला पडला होता, तो कापून आत घातला. एका उमेदवाराचं अर्धं हसू कित्येक वर्षं माझ्या डब्याला टेकून प्रवास करत होतं.

तिसरी चूक खालच्या टोकाची. वरचे दोन आकडे कॅरिअरच्या सळईत अडकले, पण खड्ड्यात पिशवी उडून आकडे निसटायचे. खाली एक ताणपट्टी हवी, जी पिशवीला आसाजवळ धरून ठेवील. ती मी जुन्या ट्यूबची केली. आणि आकड्यांवरही ट्यूबचेच तुकडे चढवले, म्हणजे खडखड बंद. निघण्याआधी सायकल दोनदा हलवली आणि कान दिला. काही वाजलं नाही. अब्बा २००३ सालीच गेले होते. त्या सकाळी ते असायला हवे होते, असं फार वाटलं.

पाण्याची परीक्षा घरीच घेतली. पिशवीत वर्तमानपत्र ठेवलं, तोंड तीनदा गुंडाळून बंद केलं आणि दहा मिनिटं नळाखाली धरली. गुंडाळलेल्या तोंडातून थेंब आत गेला नाही, पण शिलाईच्या भोकांतून गेला. म्हणून चांगल्या पिशव्यांची शिवण उष्णतेनं जोडलेली असते. तेवढा खर्च नको असेल तर साधा उपाय आहे : वही आणि कागद आत एका प्लास्टिकच्या पिशवीत. माझ्या कविता तेव्हापासून भिजलेल्या नाहीत. त्या कोरड्या वाटल्या, तर तो दोष पिशवीचा नाही.

रंगाबद्दलही सांगतो. मी पिवळ्या रंगाचा आग्रह धरला. काळी पिशवी देखणी दिसते, पण आमच्या उन्हात तिच्यात ताक ठेवलं तर दुपारपर्यंत तोंडात धरवत नाही. आणि संध्याकाळी काळी पिशवी मागून येणाऱ्याला दिसत नाही. पिशवीवर चकाकणारी पट्टी लावा, आणि पिशवीमुळं मागचा दिवा झाकला जात नाही ना, तेही पाहा. लोंबणारा एकही पट्टा ठेवू नका. फ्रीव्हीलच्या दात्यांना लोंबणाऱ्या वस्तूंची फार आवड असते.

आता एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. सांगू की नको, असं दोनदा वाटलं. पण पिशवी निवडण्याशी तिचा संबंध आहे.

१ ऑगस्ट २०१२ रोजी पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर कमी तीव्रतेचे स्फोट झाले. त्यांत सायकलींचा वापर झाला होता. त्यानंतरच्याच आठवड्यात मी इथल्या एका बँकेत कामासाठी गेलो. सायकल बाहेर उभी केली, पिशव्या तशाच ठेवल्या. अर्ध्या तासानं बाहेर आलो तर माझ्या सायकलीभोवती मोकळी जागा सोडून लोकांचं कडं उभं होतं. मधोमध माझी सायकल, तिच्या दोन बाजूंना दोन फुगलेल्या पिवळ्या पिशव्या. एक पोलीस विचारत होता, "कुणाची आहे ही?" मी पुढं झालो. म्हणालो, माझी. त्यानं पिशव्या उघडायला सांगितल्या. मी एकेक वस्तू काढून कट्ट्यावर मांडली. डबा, बाटली, रेनकोट, पंप, पंक्चरचा डबा, वही. लोक हसले, पोलीसही हसला. वही चाळून म्हणाला, "कविता करता वाटतं?" मी हो म्हटलं. मग त्यानं नाव विचारलं. मी सांगितलं.

आणि दोन क्षण कुणीच काही बोललं नाही.

बस, दोनच क्षण. मग तो पोलीस अगदी सभ्यपणे म्हणाला, "काका, पिशवी सोबत नेत जा आत." त्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्या आठवड्यात त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. मी वस्तू पुन्हा भरल्या. दोन्ही बाजू बरोबर, जड खाली, हलकं वर. सायकल हलवून पाहिली आणि निघालो. साऱ्या वस्तूंचं वजन मला पाठ होतं. त्या दोन क्षणांचं वजन कुठल्या कॅरिअरवर बांधायचं, ते मात्र मला अजून कळलेलं नाही. अब्बांच्या नियमांत त्याची सोय नव्हती.

पण त्या दिवसापासून मी एक पाचवा नियम केला. पिशवी एका हातानं, एका झटक्यात निघाली पाहिजे आणि तिला धरायला मूठ हवी. सायकल लावली की पिशवी माझ्यासोबत आत येते. चोरी टळते, पावसात पिशवी भिजत नाही, भाजीच्या दुकानात तीच उघडी धरता येते, आणि कुणाच्या काळजाचा ठोका चुकत नाही. आज बाजारात मिळणाऱ्या चांगल्या पिशव्यांना अशी सोय असते. मूठ ओढली की आकडे उघडतात. पाठीवरची सॅक, हँडलची पिशवी, टोपली यांच्या तुलनेत या एका सोयीसाठीच मी चार पैसे जास्त द्यायला सांगेन.

असं ते सगळं मी त्या मुलाला सांगितलं, पोलिसाची गोष्ट सोडून. त्याच्या नव्या सायकलीत एक अडचण होती. पिशवीच्या आधी कॅरिअर हवं, आणि कॅरिअर बसवायला सायकलीच्या सांगाड्याला छिद्रं हवीत. काही नव्या सायकलींना ती नसतात. मग दुकानदार सीटच्या दांड्याला एकाच ठिकाणी पकडणारं कॅरिअर देतो. त्यावर हलकी वस्तू वर बांधायला हरकत नाही, पण दोन्ही बाजूंना जड पिशव्या लटकवायचं ते काम नव्हे. भरलं की ते बाजूला फिरतं. नशिबानं त्याच्या सायकलीला छिद्रं होती. डिस्क ब्रेकला अडणार नाही असं, बाहेरून वळसा घेणारं कॅरिअर आम्ही शोधलं. त्याच्यावर पंचवीस किलो असा आकडा कोरलेला होता. मी त्याला म्हटलं, हा आकडा कॅरिअरचा आहे, तुझा नव्हे. तुला आठ-दहा किलो पुरे. आणि स्टँडही बदलून घे. एका पायाच्या स्टँडवर भरलेली सायकल पिशव्यांसकट लोळण घेते. अब्बांच्या सायकलीचा दोन पायांचा स्टँड उगाच नव्हता.

पिशव्या त्यानं तयारच घेतल्या, प्रत्येकी पंधरा लिटरच्या. घेताना टाच लावून पाहिली, आकडे सळईच्या जाडीला बसतात का पाहिलं, आतली पाठ ताठ आहे का ते अंगठ्यानं दाबून पाहिलं. रंग काळाच घेतला. तरुण आहे, चालायचंच. चकाकणारी पट्टी मी माझ्या हातानं चिकटवली.

सोमवारी सकाळी तो कामावर निघाला तेव्हा मीही दारात सायकल पुसत होतो. सगळं सामान त्यानं एकाच पिशवीत कोंबलं होतं. दुसरी रिकामी. सायकल एका अंगाला झुकत होती. त्यानं माझ्याकडं पाहिलं, खाली उतरला, पाण्याची बाटली आणि रेनकोट दुसरीकडं टाकला. मग मी न सांगताच त्यानं हँडल धरलं आणि सायकल दोनदा जोरात हलवली.

आम्ही दोघांनीही कान दिला. काही वाजलं नाही. तो निघून गेला.